गॉलवेत सहा दिवस : गाणं 'म्हणणाऱ्या' माणसांच्या गावी

पहिला दिवस : गाडी, स्टेशन आणि सहाची बैठक

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून सुटलेली गाडी अडीच तासांत अख्खा आयर्लंड आडवा कापून पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेला पोचते. गौरी-गणपती आटोपून मी मिरजेहून निघाले, डब्लिनला भाचीकडे दोन दिवस झोप भरून काढली आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी गाडीत बसलो. "मावशी, कडे बघायचेत, किल्ले बघायचेत, की नुसतं गाणंच ऐकायचंय?" असं तिनं आधीच विचारलं होतं. मी म्हटलं, गाणंच.

त्याला कारण होतं. मी आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. चार वर्षांपूर्वी भाचीनं फोनवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं होतं, कुठल्याशा पबमधलं. पाच-सहा वाद्यं एकच सुरावट एकत्र वाजवत होती. कुणी मुख्य नाही, कुणी साथीला नाही. मागून भांड्यांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. ते मी त्या रात्री अकरा वेळा ऐकलं. भजन रंगात आलं की टाळकरी, पखवाजवाला आणि पेटीवाली यांच्यातला फरक पुसला जातो, तसं काहीतरी त्यात होतं, आणि ते जिथं घडतं तिथं जाऊन बसायचं असं तेव्हाच ठरलं.

अथलोनला शॅनन नदी ओलांडली, मग बॅलिनास्लो, मग अथेनराय. एवढंसं स्टेशन. पण इथल्या खेळाच्या मैदानांवर हजारो गळ्यांतून जे गाणं उठतं ते या गावाच्या शेतांवरचं. पीट सेंट जॉन यांनी ते १९७०च्या दशकात लिहिलं, म्हणजे जुनं परंपरेतलं नव्हे, पण लोकांनी ते केव्हाच आपलं करून टाकलंय. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी मका चोरणाऱ्या बापाला जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडतात, त्याची ही गोष्ट. त्यात ट्रेव्हेल्यन हे नाव येतं. दुष्काळी मदतीचा कारभार पाहणारा हाच चार्ल्स ट्रेव्हेल्यन १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्याकडे आला होता. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. आयरिश संगीतात ताटातुटीची एवढी गाणी का, हे खिडकीतून दिसणाऱ्या त्या हिरव्यागार, माणूस न दिसणाऱ्या शेतांकडे पाहताना कळत होतं.

गॉलवेच्या स्टेशनाचं नाव क्यांट स्टेशन. एमन क्यांट हे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे एक नेते, त्यांना गोळ्या घालून मारलं. उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ मध्ये, स्टेशनाला त्यांचं नाव दिलं. हे वाचून आले होते, पण ते इलन पाइप्स हे भात्याचं आयरिश वाद्य वाजवायचे, डब्लिनच्या पायपर्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक होते आणि १९०८ मध्ये रोमला जाऊन पोपपुढे वाजवून आले होते, हे भाचीनं फलाटावर उभं राहून फोनवर वाचून दाखवलं. म्हणजे गावात पाऊल पडतं तेच एका वादकाच्या नावावर.

सामान टाकलं आणि सहाच्या आत मेनगार्ड स्ट्रीटवरच्या टिग कोइली या पबमध्ये पोचलो. इथं दिवसाला दोन बैठका होतात, एक संध्याकाळी सहाच्या सुमाराला, एक रात्री साडेनऊच्या. भिंतींवर वादकांचे फोटो इतके दाटीनं लावलेत की भिंत दिसत नाही. आमच्याकडे देवघरात फोटो लावतात तसे. दारापाशीच एक कोपरा, तिथं टेबल, आणि टेबलाभोवती वादक एकमेकांकडे तोंड करून. निम्म्यांची पाठ आमच्याकडे. मंच नाही, माइक नाही, निवेदन नाही. एका बाईनं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, खांद्याला लावली, दोन सूर छेडले आणि सुरुवात केली. दुसऱ्या आवर्तनाला बासरी आली, मग कॉन्सर्टिना ही हातात धरायची भात्याची छोटी पेटी, मग मांडीवर उभं धरलेलं, डफासारखं पण लाकडी काडीनं वाजवायचं बकऱ्याच्या कातड्याचं बौरान.

मी पहिला अर्धा तास काहीही समजून घेतलं नाही. नुसती बसले. भाची चहा घेऊन आली. (पबमध्ये दारू न घेता बसता येतं का, असं मला निघण्याआधी मंडळातल्या चौघींनी विचारलं होतं. येतं. चहा मागा, सोडा मागा, कुणी वळूनही बघत नाही. पण काहीतरी मागा, कारण गाण्याचं तिकीट नसतं आणि वादकांचा चहापाणी त्याच गल्ल्यातून निघतो.)

दुसरा दिवस : पाऊस आणि एक शिटी

सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा कोसळणारा नव्हे, हवेतच भिजत ठेवणारा. गॉलवे मोठं शहर नाही, वस्ती पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. शॉप स्ट्रीट, हाय स्ट्रीट, की स्ट्रीट हे एकाच रस्त्याचे तीन तुकडे उतरत उतरत कॉरिब नदीपाशी जातात आणि या अर्ध्या किलोमीटरात दर पन्नास पावलांवर कुणीतरी वाजवत उभं असतं. पावसातही. छत्री गिटारला आणि डोकं भिजलेलं. इथं 'गॉलवे गर्ल' हे गॉलवेच्या मुलीवरचं प्रसिद्ध गाणं दिवसातून वीसदा कानावर येतं. ते स्टीव्ह अर्ल या अमेरिकन गायकानं लिहिलं आणि शेजारच्या क्लेअर परगण्यातल्या शॅरन शॅनन या अकॉर्डियनवादिकेबरोबर गायलं. ऐकायला छान आहे. पण त्यावरच थांबलात तर गॉलवेला येऊन वेशीवरून परत गेल्यासारखं होईल.

एका वाद्यांच्या दुकानात शिरलो. मला टिनची शिटी घ्यायची होती. पत्र्याची नळी, सहा भोकं, वर प्लास्टिकचं तोंड. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी ती पत्र्यातून बनवायला सुरुवात केली आणि स्वस्त असल्यामुळे ती आयर्लंडच्या घराघरांत गेली. आजही आपल्या दोन जेवणांच्या पैशात येते. दुकानदार स्वतः बासरी वाजवणारे, साठीचे. गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर पाऊस होता, त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

मी त्यांना विचारलं, काल ऐकलेल्या सुरावटी एकमेकींत कुठं मिसळतात ते कळत नाही. ते म्हणाले, मोज. पहिला भाग आठ मात्राखंडांचा, तो दोनदा. दुसरा भाग आठांचा, तोही दोनदा. झाले बत्तीस. मग पुन्हा पहिल्यापासून. असं दोन-तीनदा झालं की न थांबता पुढची सुरावट. दोन-तीन सुरावटींचा मिळून एक सेट. दुसरा भाग बहुतेक वेळा वरच्या सुरांत जातो, त्याला ते 'टर्न' म्हणतात.

मी पटकन म्हणाले, अस्ताई आणि अंतरा! मग त्यांना ते समजावून सांगताना पेटी नसल्यानं तोंडानंच भूपातली एक बंदिश म्हटली, आणि त्यांनी ती बासरीवर धरायला सुरुवात केली.

त्या दोन तासांत मला जे कळलं ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. रील म्हणजे चार मात्रांचा, केरव्याच्या चालीनं पळणारा. जिग म्हणजे सहा मात्रांची, तीन-तीनची, ऐकताना हात आपोआप दादरा धरतो. स्लिप जिग नऊची, ती सगळ्यांत लाघवी. हॉर्नपाइप जरा झुलत चालणारा. स्वरांचं तर असं, की त्यांच्यात ज्याला डोरियन म्हणतात तो आपला काफी थाट आणि मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. काल टिग कोइलीत मला घरच्यासारखं का वाटत होतं, त्याचं निम्मं उत्तर तिथं होतं. उरलेलं निम्मं असं की त्यांचंही संगीत मुळात एकाच सुरावटीचं आहे. पाश्चात्त्य म्हटलं की आपल्याला सुरांवर सुरांच्या थप्प्या आठवतात, इथं तसं नाही. सगळे एकच ओळ वाजवतात आणि प्रत्येक जण आपापल्या हरकती घालतो. एक स्वर वरून कापायचा, खालून टिचकी मारायची आणि परत त्यावर यायचं, या हरकतीला 'रोल' म्हणतात. मुरकीची चुलत बहीणच.

गिटार आणि बझुकी ही साथीची वाद्यं अलीकडची. बझुकी तर ग्रीसची. जॉनी मॉयनिहान यांनी ती १९६०च्या दशकात या संगीतात आणली, आणि आता ती नसली तर लोकांना चुकल्यासारखं होतं. बौरानही पूर्वी सणावारी वाजायचं. त्याला वाद्यवृंदात बसवलं ते शॉन ओ रीदा या संगीतकारांनी, त्याच दशकात. त्यांच्याच वाद्यवृंदातल्या पॅडी मलोनी यांनी १९६२ मध्ये द चीफ्टन्स हा गट काढला आणि हे संगीत जगभर नेलं.

मला सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पबमधली ही बैठक शेकडो वर्षांची असेल असं मी गृहीत धरलं होतं. ती तशी नाही. हे संगीत घरातलं. स्वयंपाकघरात फरशीवर नाच व्हायचा आणि कोपऱ्यात फिडल वाजायची. १९३५ मध्ये सरकारनं नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला, चर्चचाही घरातल्या नाचांवर राग होता, आणि ते घरातलं वाजवणं हळूहळू आटलं. पुढे रोजगारासाठी लंडनला गेलेले आयरिश मजूर १९४०-५०च्या दशकांत तिथल्या पबमध्ये जमून वाजवू लागले, कारण त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत जागाच नव्हती. ती रीत मग परत मायदेशी आली. परक्या शहरात जागा नाही म्हणून सुरू झालेली बैठक. हे ऐकल्यावर मला मुंबईच्या गिरणगावातली भजनी मंडळं आठवली. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी चाळीच्या गॅलरीत टाळ धरला होता, तेही खोलीत जागा नव्हती म्हणूनच.

संध्याकाळी शॉप स्ट्रीटवरच्या टाफ्स या पबमध्ये बसलो. या वेळी मोजलं. बत्तीस संपले की कुणीतरी भुवई उचलतं किंवा 'हप्' म्हणतं आणि सुरावट बदलते. ती भुवई मला दिसली तेव्हा झालेला आनंद कुणाला सांगावा हे कळेना, म्हणून भाचीचा हात दाबला.

तिसरा दिवस : कोपराखालचा भाता

दुपारी ऊन पडलं. स्पॅनिश आर्च १५८४ चा, शहराच्या तटबंदीचा उरलेला तुकडा, त्याच्या पायऱ्यांवर सगळं गाव पाय सोडून बसतं. समोर क्लॅडा, जुना कोळीवाडा, जिथली हृदय धरलेल्या दोन हातांची अंगठी जगभर जाते. पाण्यात हंस. नेक्टन्स या १८९४ पासूनच्या पबच्या कोपऱ्यावर सूप-पाव खाल्ला. एवढं पुरे, कारण दिवस खरा रात्री सुरू झाला.

नदीपलीकडे सी रोडवर क्रेन बार आहे. वरच्या मजल्यावर कार्यक्रम होतात, खाली रोज रात्री बैठक. इथं पर्यटक कमी, वाजवणारे आणि ऐकणारे जास्त. आम्ही साडेनऊच्या आधी पोचलो तरी टेबलाजवळची बाकं रिकामी होती. मी बसणार एवढ्यात भाचीनं मागं ओढलं. ती वादकांची जागा. कुणी येईल न येईल, पण ती भरायची नसते. मला लगेच पटलं. आमच्याकडे बुवा आले नसले तरी त्यांच्या आसनावर कोण बसतं?

दहाच्या सुमाराला इलन पाइप्सवाले आले. 'इलन' म्हणजे कोपर. स्कॉटिश बॅगपाइप तोंडानं फुंकतात, हे वाद्य फुंकायचं नाही, उजव्या कोपराखाली छोटा भाता असतो. डाव्या कोपराखाली पिशवी, हातात सुरावटीची नळी, मांडीवर आडव्या तीन ड्रोन नळ्या, आणि मनगटाच्या कडेनं दाबून स्वरसमूह काढायच्या तीन रेग्युलेटर नळ्या. माणूस वाजवायला बसला की वाद्याला अंगावर घेऊन बसल्यासारखा दिसतो. ड्रोन सुरू झाले आणि अख्ख्या खोलीखाली षड्ज पसरला. तंबोरा जुळल्यावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुकानदुकानांतून जी एक शांतता येते ती तिथं आली. बोलणारे आपसूक गप्प झाले.

वाजवून झाल्यावर त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले. जुनी म्हण त्यांनी सांगितली : सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा, सात वर्षं वाजवायचं, मग कुठं पायपर होतो. एकवीस वर्षं. वीसेक वर्षांपूर्वी आपण एकवीस पुरी केली असं ते म्हणाले, पण अजून सकाळी तासभर बसतात. हे वाद्य जवळजवळ नामशेष व्हायच्या बेताला आलं होतं. १९६८ मध्ये वादकांनी ना पीबरी इलन ही संस्था काढली, शिकवायला आणि वाद्यं बनवायला सुरुवात केली, आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं ही परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मग टेबलावर एक संथ, किंचित उदास रील सुरू झाला. इतरांपेक्षा वेगळा, खाली खाली उतरणारा. शेजारच्या बाकावरच्या आजोबांना नाव विचारलं. "पॅडी फाहीज." पुढची सुरावट? "पॅडी फाहीज." तिसरी? आजोबा हसले आणि तेच नाव पुन्हा सांगितलं.

पॅडी फाही हे पूर्व गॉलवेतले, बॅलिनास्लोच्या बाजूचे शेतकरी आणि फिडलवादक. साठेक सुरावटी त्यांनी रचल्या, एकीलाही नाव दिलं नाही. स्वतःची तबकडी काढली नाही. लोक घरी जाऊन ऐकायचे, शिकायचे, आणि ज्याच्याकडून मिळाली त्याच्या नावानं ओळखायचे. २०१९ मध्ये ते गेले. परवा गाडी बॅलिनास्लोला थांबली तेव्हा मी बटाट्याचे वेफर्स खात होते, हे आठवून मला चुटपूट लागली.

आयरिश संगीतातलं 'हे ऐकाच' असं एकच सांगायचं झालं तर मी पूर्व गॉलवेच्या या संथ सुरावटी सांगेन. झपाट्यानं वाजवलेला रील कुणालाही पाय हलवायला लावतो. पण संथ रीलमध्ये प्रत्येक स्वराला वेळ मिळतो आणि त्यात वादकाचा जीव दिसतो. पीटर्सवेलचे अकॉर्डियनवादक जो कूली यांचं १९७३ मध्ये निधन झालं, त्याच्या थोडंच आधीचं त्यांचं एक पबमधलं ध्वनिमुद्रण आहे. ते मी परत आल्यावर मिळवून ऐकलं. भात्याचं वाद्य श्वास कसा घेतं हे पेटी वाजवणाऱ्या प्रत्येकानं त्यात ऐकावं.

चौथा दिवस : डूलिन

३५० नंबरच्या बसनं किनवारा, बॅलीव्हॉन करत क्लेअर परगण्यात डूलिनला. वाटेत बरेन, मैलोनमैल करड्या चुनखडीचे सपाट दगड, भेगांतून फुलं. मोहेरचे २१४ मीटर उंच कडे धुक्यात होते. समुद्राचा फक्त आवाज ऐकून परतलो.

डूलिन म्हणजे रसेल बंधूंचं गाव. मिको, पॅकी आणि गसी, तिघेही शेतकरी, तिघेही वाजवणारे. मिको रसेल टिनची शिटी इतकी साधी वाजवायचे की एकही स्वर जास्तीचा नाही, आणि ती ऐकायला युरोपभरातून तरुण पोरं पाठीवर पिशव्या लावून या चिमुकल्या गावात यायची. १९९४ मध्ये मोटार अपघातात ते गेले. आता गावात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. आम्ही दुपारी ज्या पबमध्ये बसलो तिथं वादकांपुढे माइक होते, जेवणाच्या थाळ्यांची ये-जा चालू होती आणि बसनं आलेला एक मोठा घोळका पहिल्या सुरापासून टाळ्यांचा ठेका धरून बसला, तोही चुकीचा. बासरीवाला मुलगा दोनदा अडखळला, मग मान खाली घालून वाजवत राहिला. मला फार वाईट वाटलं. टाळ्या सेट संपल्यावर वाजवाव्यात. मध्येच एखादा रोल सुंदर पडला तर 'लव्हली' म्हणावं, आपण 'क्या बात है' म्हणतो तसं, तेवढं ठेका न मोडता पोचतं.

क्लेअरमधून मी मनात जपून आणलं ते कॉन्सर्टिनाचं. सहा कोनांची, दोन्ही हातांत मावणारी, बटणांची भात्याची पेटी. आतल्या पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, हवेनं थरथरणाऱ्या. क्लेअरमध्ये हे बायकांचं वाद्य मानलं जाई. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी, १८८५ ते १९६०, नवऱ्याबरोबर पब चालवायच्या आणि कॉन्सर्टिना वाजवायच्या. संध्याकाळी बस यायच्या आधी एका छोट्या खोलीत, माइकशिवाय, सत्तरीच्या एक बाई ती वाजवत होत्या. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मांडीवर आपोआप चालत होती. वाद्य माझ्या हातात दिलं. दाबताना एक स्वर आणि ओढताना त्याच बटणावर दुसरा. मला एक सारेगमही नीट काढता आली नाही, पण पट्टीचा तो थरथरणारा स्वर तळहाताला कळला आणि मी पाच मिनिटं ते वाद्य सोडलं नाही.

पाचवा दिवस : अबर अवरान

गॉलवेच्या पश्चिमेला, खाडीच्या काठाकाठानं गेलं की वीसेक किलोमीटरच्या आत स्पिडल येतं. इथून पुढं कोनामारा, आयरिश भाषा रोजच्या व्यवहारात असलेला भाग. पाट्या आयरिशमध्ये, दुकानातलं बोलणं आयरिशमध्ये. याच गावातल्या ह्यूज यांच्या पबमधल्या बैठकांतून १९७५ च्या सुमाराला दे डानन हा गट जन्मला, ज्यात गॉलवेचे फ्रँकी गॅविन फिडलवर होते. डोलोरेस कीन ही या परगण्यातली मोठी गायिकाही त्यांच्याबरोबर गायली. हे दोन्ही आवाज यायच्या आधी ऐकून यावेत.

पण मी आले होते शान-नोससाठी. शब्दाचा अर्थ 'जुनी रीत'. साथीविना, ठेक्याविना, एकट्या गळ्यानं गायचं जुनं आयरिश गाणं. कार्ना गावचे जो हीनी हे त्यातलं सगळ्यांत मोठं नाव. १९१९ चा जन्म. शेकडो गाणी तोंडपाठ, आणि पोटासाठी न्यूयॉर्कमध्ये एका श्रीमंत इमारतीचे दारवान. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठानं त्यांना शिकवायला बोलावलं, १९८४ मध्ये तिथंच ते गेले. आणि शेमस एनिस हे पाइपवादक १९४०च्या दशकात लोककथा आयोगासाठी सायकलवरून याच भागात हिंडले. कार्नाजवळच्या एका कोळी-शेतकऱ्याकडून त्यांनी एकट्याकडून दोनशेहून अधिक गाणी आणि सुरावटी लिहून घेतल्या. सायकल, वही आणि पेन्सिल. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी माणसं खेडोपाडी अशीच फिरली.

आम्ही जिथं उतरलो त्या घरच्या बाईंनी रात्री गावातल्या एका खोलीत नेलं. वीसेक माणसं, बहुतेक पन्नाशीपुढची. चहाची किटली, केक. आत गेल्यावर फोन पिशवीत ठेवा एवढंच सांगितलं. थोड्या गप्पा झाल्या, मग एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "अबर अवरान." मी घरच्या बाईंना खुणेनं विचारलं. त्या कुजबुजल्या, 'गाणं म्हण' असं सांगितलं त्यांनी. आयरिशमध्ये आम्ही गाणं गात नाही, म्हणतो.

मी भाचीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तीन भाषांतून हिंडून आलेला तो शब्द आमच्या पुढ्यात मराठी होऊन पडला होता. आम्हीही गाणं म्हणतोच की. अभंग म्हणतो, ओवी म्हणते, आरती म्हणा, पाळणा म्हण. लहानपणापासून इतकं तोंडात बसलेलं की त्यात काही विशेष आहे हे कधी जाणवलंच नव्हतं.

त्या गृहस्थांनी डोळे मिटले. शेजारी बसलेल्या माणसानं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि गाणं चाललं तसा तो हलके हलके गोल फिरवत राहिला, जातं ओढावं तसा. ही तिथली जुनी रीत आहे. गाणारा ओळीत आत आत जातो आणि ऐकणारा त्याला धरून ठेवतो. शब्दांचं मला काही कळत नव्हतं. एकेका अक्षरावर पाच-सहा स्वर येत होते, ताना नव्हेत, बोलतानाच आवाज लवावा तसे. आणि शेवटची ओळ? ती त्यांनी गायली नाही. शेवटचे तीन-चार शब्द साध्या आवाजात, 'चला, निघू या' म्हणावं तसे, बोलून टाकले आणि डोळे उघडले. शान-नोसमध्ये अनेक गायक असंच करतात. गाणं संपत नाही, ते परत बोलण्यात येतं.

गाणाऱ्याला पुढचा माणूस नेमायचा मान असतो, त्याला नोबल कॉल म्हणतात. त्या मानाचे दोन-तीन जण झाले आणि एका आजींनी माझ्याकडे बोट केलं.

पेटी नव्हती. माझ्या आजीच्या तोंडची जात्यावरची एक ओवी मला येते, माहेरच्या वाटेची. मी तीच म्हटली, आजी म्हणायची त्याच संथ चालीत. दुसऱ्या ओळीला त्या आजींनी माझा हात धरला आणि फिरवायला लागल्या. जात्याच्या खुंट्यावर आजीच्या हाताखाली हात ठेवून मी लहानपणी बसायचे. तीच गती होती. माझा आवाज एकदा फाटला, तिथं कुणीतरी मागून हळू आवाजात 'मा हू' म्हटलं, शाबास.

नंतर आजींनी सुरावट दोनदा पुन्हा म्हणायला लावली. नाव विचारलं. नाव नाही, माझ्या आजीकडून आली, एवढंच मी सांगितलं. त्यांनी छोटी वही काढली, अक्षरांनी स्वर लिहून घेतले आणि वर आयरिशमध्ये काहीतरी लिहिलं. घरच्या बाईंनी मला वाचून दाखवलं : मिरजेच्या बाईची आजी.

सहावा दिवस

दुपारची गाडी होती. सकाळी टिनच्या शिटीच्या दुकानात जाऊन त्या दुकानदारांचा निरोप घेतला. त्यांनी भूपातली ती बंदिश आता नीट बसवली होती, फक्त तिला रीलच्या चालीत ओढून घेतलं होतं, बत्तीस मात्राखंडांत. मी काही बोलले नाही. छान वाटत होती.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि जुलैत कला महोत्सवाच्या दिवसांत गॉलवेत राहायला जागा मिळणं मुश्कील, त्यामानानं सप्टेंबरअखेर बरा. मुलांना घेऊन जाणार असाल तर सहाच्या बैठकीला जा, रात्री उशिरा पबमध्ये लहान मुलांना बसू देत नाहीत.

गाडी क्यांट स्टेशनातून सुटली. डबा अर्धा रिकामा होता. भाचीनं शिटी काढली आणि अगदी हळू, खिडकीकडे तोंड करून, टाफ्समध्ये ऐकलेल्या जिगचा पहिला भाग जुळवायला लागली. अथेनराय गेलं. पहिला भाग बऱ्यापैकी जमला. मग ती थांबली.

"मावशी, पुढचं काय होतं? तू म्हण की."

मी म्हटलं. बॅलिनास्लो आलं तेव्हा आम्ही तिसऱ्यांदा पहिल्यापासून धरत होतो, आणि या वेळी मी वेफर्स खात नव्हते.